ड्रोन १२० मीटरवर, पण मोजायचे कुठून? परीक्षेआधी उंचीचा घोळ मिटवा

फवारणीसाठी ड्रोन आल्यापासून गावोगावची मुले-मुली आणि बचत गटातल्या ताई ड्रोन पायलटच्या प्रशिक्षणाला जाऊ लागल्या आहेत. दहावी पास आणि वय १८ ते ६५ असेल तर मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन हे प्रमाणपत्र मिळवता येते. अभ्यासात अनेकांची गाडी अडते ती एका साध्या प्रश्नावर: उंची म्हणजे नेमकी कुठून मोजलेली उंची?

तीन उंची, तीन शून्य

- जमिनीपासूनची उंची (एजीएल): ड्रोनच्या बरोबर खाली जी जमीन आहे, तिथपासून.
- समुद्रसपाटीपासूनची उंची (एएमएसएल): कळसूबाई १६४६ मीटर, असे आपण म्हणतो ती. नकाशावर डोंगरांची उंची हीच असते.
- उड्डाणाच्या जागेपासूनची उंची: ड्रोन जिथून उडवला ती जागा शून्य. बहुतेक ड्रोनच्या स्क्रीनवर हाच आकडा दिसतो.

ड्रोन नियम २०२१ नुसार ग्रीन झोनमध्ये मर्यादा १२० मीटर म्हणजे ४०० फूट आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती ६० मीटर म्हणजे २०० फूट होते. ही उंची जमिनीपासून धरायची, समुद्रसपाटीपासून नाही. नाहीतर घाटमाथ्यावरच्या गावात ड्रोन जमिनीवर ठेवला तरी नियम मोडला असता!

उदाहरणाने समजून घ्या

समजा, तुमचे शेत समुद्रसपाटीपासून ६०० मीटरवर आहे. बांधावरून ड्रोन उडवला आणि स्क्रीनवर १०० मीटर दिसले. म्हणजे समुद्रसपाटीपासून तो ७०० मीटरवर आहे.

आता स्क्रीनवरचा आकडा तोच ठेवून ड्रोन टेकडीकडे नेला. टेकडी बांधापेक्षा ६० मीटर उंच असेल तर ड्रोन तिथल्या जमिनीपासून फक्त ४० मीटरवर राहिला. तिथे मोबाईलचा टॉवर असेल तर धडक होऊ शकते.

उलट, ५० मीटर खोल दरीकडे नेला तर खालच्या जमिनीपासून उंची झाली १५० मीटर. स्क्रीनवर १०० दिसत असूनही मर्यादा ओलांडली गेली.

क्यूएनएच आणि क्यूएफई

उंच जावे तसा हवेचा दाब कमी होतो. त्यावरूनच उंचीमापक उंची काढतो. कोणता दाब 'शून्य' धरायचा, एवढाच प्रश्न असतो.

- क्यूएनएच लावला तर समुद्रसपाटीपासूनची उंची दिसते. विमान धावपट्टीवर उभे असताना मापक त्या विमानतळाची उंची दाखवतो.
- क्यूएफई लावला तर धावपट्टीवर मापक शून्य दाखवतो.
- १०१३.२५ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब. खूप उंचावरून जाणारी विमाने तो लावतात.

१ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे साधारण ८ मीटर. त्यामुळे ढगाळ, बदलत्या हवेत फक्त दाबावर चालणारा आकडा चुकू शकतो. पिकावर दोन-तीन मीटरवरून फवारणी करताना एवढी चूक परवडत नाही. म्हणून अनेक फवारणी ड्रोनला खालच्या बाजूला रडार असते, ते पिकापासूनचे अंतर थेट मोजते.

परीक्षेत काय करायचे?

प्रश्नात उंचीचा आकडा दिसला की आधी 'कुठून?' ते शोधा. मग एकक पाहा, मीटर की फूट. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट. कागदावर जमीन, टेकडी आणि समुद्रसपाटीची रेघ काढली की उत्तर समोर दिसते. शेतावर ड्रोन उडवण्याआधीही हीच सवय ठेवा, टेकडी आणि दरी आधी बघून घ्या.