२५६८ गुणिले १.७

निस्सानच्या स्कायलाइन जीटी-आरची गोष्ट एका गुणाकारापासून सुरू करायला हवी. २५६८ गुणिले १.७, उत्तर ४३६५.६. जपानच्या टूरिंग कार अजिंक्यपद स्पर्धेत १९९० ते १९९३ या चार हंगामांत ही गाडी २९ शर्यतींत उतरली आणि २९च्या २९ शर्यती तिनेच जिंकल्या. काझुयोशी होशिनो, मासाहिरो हासेमी यांच्यासारखे कसलेले ड्रायव्हर तिला लाभले हे खरेच, पण या विजयांचा पाया त्याआधीच नियमपुस्तक आणि कागद-पेन्सिल घेऊन घातला गेला होता.

त्या काळी टूरिंग कारच्या शर्यती ‘ग्रुप ए’ नियमांनी होत. शर्यतीची गाडी रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाडीवरूनच बनवायची आणि तशा गाड्या बारा महिन्यांत किमान ५००० तरी तयार करायच्या, ही मुख्य अट. पुढे इंजिनाच्या घनक्षमतेनुसार गट पडत. गाडीचे किमान वजन किती आणि टायर जास्तीत जास्त किती रुंद, हे त्या गटावरून ठरे. टर्बो इंजिनांसाठी वेगळा हिशेब होता. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर फिरणारा पंखा. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. हवा जास्त, म्हणजे जाळता येणारे पेट्रोलही जास्त. लहान इंजिन मोठ्याचे काम करू लागते. म्हणून टर्बो असेल तर घनक्षमतेला १.७ने गुणायचे आणि येईल तो आकडा खरा धरायचा, असा नियम होता.

मुख्य अभियंता नागानोरी इतो यांच्या चमूचा पहिला विचार होता तो गुणाकारानंतर ४००० सीसीच्या आत बसेल अशा इंजिनाचा. पण गाडीला चारही चाकांची ताकद द्यायची ठरली आणि वजन वाढले. त्या गटातल्या हलक्या प्रतिस्पर्ध्यांपुढे ही जड गाडी मार खाणार, हे दिसू लागले. मग वरच्या, ४५०० सीसीच्या गटात जायचे ठरले. तिथे किमान वजन जास्त असले तरी टायरही अधिक रुंद चालत. ८६ मिलिमीटर व्यासाचे आणि ७३.७ मिलिमीटर स्ट्रोकचे सहा सिलिंडर एका ओळीत मांडले की २५६८ सीसी भरतात. हेच ते ‘आरबी२६’ इंजिन. एरवी कुठल्याच बाजारपेठेने असा अडनिडा आकडा मागितला नसता.

दोन टर्बो, प्रत्येकी तीन सिलिंडरांसाठी एक. एका मोठ्या पंख्यापेक्षा दोन छोटे पंखे लवकर वेग घेतात. ओतीव लोखंडाचा ब्लॉक जड होता, पण सोसणारा. रस्त्यावरच्या गाडीची ताकद कागदोपत्री २८० अश्वशक्ती, कारण जपानी कंपन्यांनी आपसात तेवढीच मर्यादा ठरवून घेतली होती. शर्यतीत तेच इंजिन ५००च्या पुढे जाई.

इथून खरा प्रश्न सुरू होतो. ५०० अश्वशक्ती तयार करणे त्या काळीही फार अवघड नव्हते. ग्रुप एमध्ये तोवर गाजत असलेली फोर्डची सिएरा आरएस५०० तेवढी ताकद काढतच होती. अवघड होते ते ती डांबरावर उतरवणे. टायरची पकड पगारासारखी असते. आकडा ठरलेला, आणि वळण, ब्रेक, वेग घेणे हे सगळे खर्च त्यातूनच भागवायचे. वळणातून बाहेर पडताना सिएराची मागची दोन चाके गाडीला वळवण्यातही गुंतलेली आणि ढकलण्यातही. ड्रायव्हरने पाय जरा जास्त दाबला की ती जागीच गरगरत आणि टायर झिजत.

ताकद चारही चाकांना वाटून द्यावी, हे उत्तर सोपे वाटते. पण पुढच्या चाकांना कायम अर्धी ताकद दिली की त्यांची वळवण्यासाठीची पकड कमी पडते आणि गाडी वळायचे सोडून सरळ बाहेर जाऊ पाहते. निस्सानने काढलेली तोड मला या गाडीतला सर्वांत देखणा भाग वाटतो. गाडी मुळात मागच्या चाकांवर चालणारी. गिअरबॉक्सच्या मागे तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा एक क्लच. तेलाचा दाब वाढला की चकत्या एकमेकींना घट्ट धरतात आणि ताकद पुढे वाहू लागते. दाब सोडला की पुढची चाके मोकळी.

किती दाबायचे, हे संगणक ठरवी. चारही चाकांच्या वेगाची माहिती एबीएस ब्रेकच्या संवेदकांकडून मिळे. गाडी पुढे-मागे आणि आडवी किती जोराने खेचली जाते आहे, हे वेगळे संवेदक सांगत. मागची चाके पुढच्यांपेक्षा वेगाने फिरू लागली, म्हणजे ती घसरत आहेत. दाब वाढव. पण आडवा जोर मोठा असेल, तर गाडी वळणात आहे. पुढच्या चाकांना वळवू दे, हात आखडता घे. हा हिशेब सेकंदाला शंभर वेळा होई आणि पुढच्या चाकांचा वाटा शून्यापासून निम्म्यापर्यंत बदलत राही. १९८९ साली, रोजच्या वापराच्या गाडीत!

नियमांनी आणखी एक गंमत घडवली. सुधारित आवृत्ती शर्यतीत उतरवायची, तर तशा ५०० गाड्या बनवणे भाग होते. १९९० साली निस्सानने ‘निस्मो’ नावाने ५६० बनवल्या. मूळ गाडीच्या टर्बोत सिरॅमिकचा पंखा होता, हलका आणि म्हणून चपळ. पण शर्यतीतल्या दाबाला आणि उष्णतेला सिरॅमिक ठिसूळ पडते. निस्मोमध्ये धातूचा पंखा आला. तो जड, त्यामुळे जरा आळशी. म्हणजे रस्त्यावर चालवणाऱ्याच्या दृष्टीने सुधारणा उलट्या दिशेनेच झाली होती.

ऑस्ट्रेलियातल्या ‘व्हील्स’ मासिकाने गाडीला ‘गॉडझिला’ हे नाव दिले, आणि तिने त्याला जागून दाखवले तेही त्याच देशात. बाथर्स्टचा डोंगरी रस्ता म्हणजे तिथल्या व्ही-८ गाड्यांच्या चाहत्यांची पंढरीच. १९९१ साली जिम रिचर्ड्स आणि मार्क स्काइफ यांनी तिथली हजार किलोमीटरची शर्यत जिंकली. एकंदर विजेतेपद पटकावणारी ही पहिली जपानी गाडी. पुढच्या वर्षी नियामकांनी तिच्यावर जादा वजन लादले, टर्बोचा दाबही बांधून टाकला. तरीही ती आघाडीवर होती. मग अचानक धो धो पाऊस आला. रिचर्ड्सच्या गाडीला कोरड्या रस्त्याचे, बिनखाचांचे टायर होते. असे टायर पाणी बाजूला सारू शकत नाहीत. टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरला की पकडच उरत नाही, आणि नसलेली पकड कोणता संगणक वाटणार? गाडी आपटली. पण शर्यत थांबवली गेली, निकाल आधीच्या फेरीवरून लावला आणि तुटकी गॉडझिलाच विजेती ठरली. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. रिचर्ड्सने मंचावरूनच त्यांना शिवी हासडली, थेट प्रक्षेपणात. त्याच शर्यतीत त्याचा मित्र, १९६७चा फॉर्म्युला वन विश्वविजेता डेनी हल्म, गाडी चालवताना हृदयविकाराच्या झटक्याने गेला होता. ती बातमी रिचर्ड्सला नुकतीच कळली होती.

१९९३ साली ऑस्ट्रेलियाने पाच लिटरच्या व्ही-८ गाड्यांचे नवे नियम आणले. टर्बोवाल्या चारचाकी ताकदीच्या गाडीला त्यात जागाच नव्हती. जपानमध्येही त्या वर्षाअखेर ग्रुप ए बंद झाले. एकच गाडी जिंकत राहिली की उरलेल्यांना पैसे ओतायचे कारण राहत नाही, आणि ही मालिका महागडीही झाली होती. टूरिंग कारसाठी दोन लिटरची, टर्बो नसलेली इंजिने ठरली. स्कायलाइन नव्या जीटी मालिकेत गेली. तिथे टायर अधिक रुंद चालत आणि मागच्या चाकांना रस्त्यावर दाबून धरणारे मोठे पंख लावता येत. ताकद मागूनच पुरेशी उतरू लागली, तसा पुढच्या चाकांकडे जाणारा सांगाडा म्हणजे नुसते वजन ठरले. नव्वदच्या दशकात पुढे निस्सानने जीटी शर्यतींतल्या स्कायलाइनमधून तो काढून टाकला.