मैत्रिणीचा हिशेब

शाळेत तिची एकच वही असायची, शंभर पानी. उजवीकडून उघडली की उर्दू, डावीकडून उघडली की मराठी. दुसरी वही घ्यायला पैसे नव्हते, हे आम्हा तिघींना फार उशिरा कळले. तेव्हा ती तिची हुशारी वाटे आणि आम्हीही तसेच करायचा हट्ट धरायचो.

चिपळूणजवळच्या मोहल्ल्यात आम्ही चौघी एकत्र वाढलो. फजरनंतर मकतब, मग घरी चहा-भाकरी, मग शाळा. शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी सक्तीच्या. आमच्या आयांना सकाळी वेळ नसे, म्हणून मकतबच्या पायरीवर बसून तीच आमच्या वेण्या घालायची. इतक्या घट्ट, की दुपारपर्यंत डोके दुखे.

गेल्या पावसाळ्यात एका रात्रीत ती गेली. शौहर कुवेतहून पोहोचेपर्यंत दफन झाले होते. गुस्ल देणाऱ्या वडीलधाऱ्या बायकांनी आम्हा तिघींना आत बोलावले. बोरीचा पाला टाकलेले पाणी, शेवटच्या पाण्यात कापूर. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कन्येला गुस्ल देताना हजरत उम्मे अतिया (रजि.) आणि सोबतच्या स्त्रियांनी केसांच्या तीन वेण्या घालून मागे सोडल्या होत्या. आम्हा शाफईंमध्ये तोच रिवाज. एकेकीने एकेक वेणी घातली. सैल घातली.

आठवड्याने भिशीचा दिवस आला. बारा जणी, महिना हजार रुपये. तिसऱ्या महिन्याचे बारा हजार तिने उचलले होते, मोटरवाली शिलाई मशीन घ्यायला. सात हप्ते भरले होते, पाच राहिले. आम्ही तिघी मोठ्या मनाने म्हणालो, "माफ करून टाकू." भिशी चालवणाऱ्या आपा म्हणाल्या, "तुम्ही तिघी तर उचलून बसलात. ज्या पाच जणींचा नंबर अजून यायचाय, त्यांचा पैसा तुम्ही कसा माफ करता?"

उत्तर नव्हते. वास्तविक बुखारी शरीफमधली हदीस आम्हाला ठाऊक होती. एका मय्यतीवर तीन दीनारांचे कर्ज होते, मागे काही नव्हते. प्रेषितांनी (स.) सोबत्यांना जनाज्याची नमाज पढायला सांगितले, स्वतः थांबले. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी कर्ज अंगावर घेतले, तेव्हाच त्यांनी नमाज पढवली. वारसांच्या वाटणीआधी कर्ज फेडायचे, हे सूरह निसामध्ये स्पष्ट आहे. आपल्याकडे मात्र चाळिसाव्याला जेवायला किती माणसे याची चर्चा आधी. वाण्याची उधारी, राहिलेला मेहर, भिशी यांची चौकशी कोणी करत नाही.

आम्ही पाच हजार जमवले आणि तिच्या अम्मींकडे गेलो. खालांनी पैसे बाजूला ठेवले आणि पेटीतून वही काढली. तशीच, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. उजवीकडून उर्दूत तिचे देणे: भिशी, वाणी, अस्तर-बटणांचे दुकान. डावीकडून मराठीत शिलाईचे येणे. "उर्दू मी वाचलं. मराठी मला येत नाही, पोरींनो, तुम्ही वाचा," खाला म्हणाल्या.

वाचू लागलो. तिसऱ्याच पानावर ईदचे तीन जोड आणि आमची तिघींची नावे. साडेतीनशे, साडेतीनशे, सहाशे. "नंतर देतो" म्हटल्याचे आठवले. तिने एकदाही मागितले नव्हते. मैत्रिणीकडे मागायचे कसे, म्हणून तिने मागितले नसेल. आम्ही द्यायचे का राहिलो, याला काही कारण नाही.

"किती झाले?" खालांनी विचारले.

"तेराशे."

"मग तेराशे इथे ठेवा, बाकीचे घेऊन जा. येणं वसूल झालं की भिशी मी भरीन. मशीन विकायची नाही, नात शिकतेय."

पुढचे काही महिने आम्ही ती वही घेऊन घरोघर फिरलो. बहुतेकींनी लगेच दिले; दोघींनी रडत दिले. एकीने हिशेब चुकीचा म्हटले, तिच्याशी वाद घातला नाही. पाचवा हप्ता भरून झाला, वाण्याचेही चुकले.

वहीच्या मधल्या कोऱ्या पानांवर आता तिची मुलगी मापे लिहिते. या ईदचे जोड आम्ही तिच्याकडेच टाकले आहेत, शिलाई आगाऊ देऊन.