जपान, मराठी नजरेतून: कर्वे ते मेट्रो

मुंबई आणि आधुनिक जपान यांचा संबंध कापसाच्या व्यापारातून घट्ट झाला. 1893 मध्ये निप्पॉन युसेन कायशा या जहाज कंपनीने जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने जपान-मुंबई नियमित फेरी सुरू केली आणि इथल्या कापसाच्या गाठी जपानी गिरण्यांकडे जाऊ लागल्या. 1905 मध्ये जपानने रशियाला हरवले, तेव्हा या व्यापारी ओळखीला आदराची जोड मिळाली. स्वदेशीच्या चळवळीला त्या विजयात आशियाचे सामर्थ्य दिसले. पैसा फंडाच्या लोकवर्गणीतून 1908 मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला, तेव्हा तिथे काम पाहायला जपानमध्ये काचकाम शिकलेले ईश्वरदास वार्ष्णेय आले.

जपानकडून सर्वांत खोल प्रेरणा घेतली ती महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी. जिन्झो नारुसे यांनी 1901 मध्ये टोकियोत स्त्रियांसाठी उच्चशिक्षणाची स्वतंत्र संस्था काढली होती. स्त्रीला आधी माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून आणि नंतर राष्ट्राची नागरिक म्हणून शिक्षण मिळावे, अशी त्यांची मांडणी होती. या संस्थेची माहितीपुस्तिका कर्वे यांच्या हाती आली. पुण्याजवळच्या हिंगण्याच्या आश्रमात विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणाचे काम त्यांनी आधीच उभे केले होते; त्या कामाची पुढची पायरी त्यांना या पुस्तिकेत सापडली. डिसेंबर 1915 मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि 1916 मध्ये विद्यापीठ सुरूही केले.

जपानी स्त्रिया उच्चशिक्षण स्वतःच्या भाषेत घेत होत्या. कर्वे यांनीही मातृभाषा हेच शिक्षणाचे माध्यम ठरवले आणि इंग्रजीला एका विषयाचे स्थान दिले. गृहजीवनशास्त्र, आरोग्य यांसारखे विषय अभ्यासक्रमात आले. स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे कमी दर्जाचे शिक्षण, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो सर्वस्वी गैरलागू नव्हता. तरीही ज्या घरांतून मुलीला महाविद्यालयात पाठवणे अशक्य होते, त्या घरांचे दार या विद्यापीठाने उघडले, ही त्याची खरी कमाई. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 1920 मध्ये 15 लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. 1936 मध्ये मुख्यालय पुण्याहून मुंबईला हलले. 

स्वातंत्र्यानंतर उद्योगाइतकेच कलांविषयीचे कुतूहल पुढे आले. त्याचा ठळक टप्पा म्हणजे पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’.  नाटक, संगीत आणि माणसांच्या लकबी टिपण्याची दृष्टी घेऊन ते आग्नेय आशिया आणि जपान हिंडले. 1963 मध्ये आलेल्या या प्रवासवर्णनाने, परदेश म्हटले की विलायत आठवणाऱ्या मराठी वाचकाला पूर्वेकडे वळवले. पुण्यात ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर उभारलेल्या बागेला पुढे पु. लं.चेच नाव दिले गेले.

त्यानंतर शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. जपानी हायकूतील 5-7-5 अशा सतरा उच्चारांच्या बंधनात मराठी हायकू अडकून राहिला नाही. तीन छोट्या ओळी, निसर्गातला एक क्षण आणि त्याने मनात उठलेला तरंग, एवढे त्याने ठेवले. ‘हेही हायकू’सारख्या संग्रहांतून हा प्रकार वाचकांपर्यंत पोहोचला आणि इतर कवींनीही तो आपलासा केला.

शिक्षणविचारात हेच काम ‘तोत्तोचान’ने केले. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे पुस्तक मूळ जपानीत 1981 मध्ये आले आणि चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादातून मराठी घराघरांत गेले. रेल्वेच्या जुन्या डब्यांत वर्ग भरवणारी तोमोए शाळा आणि मुलांचे म्हणणे मनापासून ऐकणारे मुख्याध्यापक कोबायाशी हे मराठी शिक्षकांच्या बोलण्यातले नित्याचे दाखले झाले.

आज मुंबईच्या उपनगरांना जपान भेटतो तो मुख्यतः अभियांत्रिकीतून. अंधेरीच्या मरोळ-सीप्झ भागातून जाणारी मेट्रो 3 ही आरे ते कफ परेड अशी 33.5 किलोमीटरची भुयारी मार्गिका जपानी कर्जाच्या साहाय्याने बांधली गेली. जपानच्याच सहकार्याने उभारल्या जात असलेल्या 508 किलोमीटरच्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा 21 किलोमीटरचा बोगदा विक्रोळीखालून जातो. त्यातला सात किलोमीटरचा भाग ठाणे खाडीखाली आहे. घरात मुले ‘डोरेमॉन’ ही जपानी कार्टून मालिका पाहतात आणि नोकरीसाठी जपानी शिकणारे तरुण मुंबई-पुण्यात आहेत.

या साऱ्या देवघेवीत टिकले ते, जे मराठी गरजेतून निवडले गेले आणि मराठीत नव्याने घडले: कर्वे यांचे विद्यापीठ, शिरीष पै यांचा हायकू, शिक्षकांनी आपली मानलेली तोमोए शाळा. कर्ज फिटते, यंत्र जुने होते. भाषेत आलेला विचार पुढच्या पिढीच्या कामी येतो. म्हणून जपानी शिकणाऱ्या मराठी तरुणांनी नोकरीबरोबर एक काम अंगावर घ्यावे: जपानी पुस्तके इंग्रजीच्या मध्यस्थीविना थेट मराठीत आणावीत.