रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर प्रतिकृतींचे सुधारित सुटे भाग

रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर प्रतिकृतींचे सुधारित सुटे भाग : जमिनीवरून रेडिओ तरंगांच्या साहाय्याने उडविल्या जाणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरांत मूळ उत्पादकाने बसविलेल्या भागांच्या जागी बसविण्यासाठी वेगळे विकले जाणारे भाग. हे भाग मूळ भागांपेक्षा बळकट, अचूक वा टिकाऊ असतात, असा दावा केलेला असतो. काही भाग मूळ उत्पादकच पुरवितो. परंतु पुष्कळसे भाग त्याच्याशी संबंध नसलेले स्वतंत्र कारखाने तयार करतात. नायलॉनाच्या भागाऐवजी ॲल्युमिनियमाचा भाग आणि प्लॅस्टिकाच्या सांगाड्याऐवजी कार्बन तंतूंचा सांगाडा, हे या बदलाचे सर्वांत परिचित प्रकार होत. अशा भागाची गुणवत्ता त्याच्या धातूवरून वा चकाकीवरून ठरत नाही. भार पडल्यावर तो कसा वागतो आणि शेजारच्या भागांवर कोणता भार टाकतो, यांवरून ती ठरते.

पार्श्वभूमी : १९७० च्या सुमारास जर्मनीतील डीटर श्ल्यूटर यांनी नियंत्रित उड्डाण करू शकणाऱ्या हेलिकॉप्टर प्रतिकृती सिद्ध केल्या आणि त्यांचे जुळणी-संच विक्रीस आणले. पुढे हिरोबो, क्योशो या जपानी कंपन्यांनी या क्षेत्रात मोठे काम केले. २००० नंतरच्या दशकात लिथियम-पॉलिमर विद्युत् घट आणि ब्रशविरहित चलित्रे स्वस्त झाली व छोटी विद्युत् हेलिकॉप्टरे लोकप्रिय झाली. तैवानच्या अलाइन कंपनीच्या टी-रेक्स ४५० या प्रतिकृतीचा आराखडा इतका रूढ झाला, की अनेक कारखान्यांनी त्याच मापांचे भाग बनविण्यास प्रारंभ केला. याच प्रतिकृतीच्या पहिल्या आवृत्तीत घूर्णकाचे शीर्ष प्लॅस्टिकाचे होते. पुढील आवृत्त्यांत ते धातूचे झाले. एके काळी वेगळा विकत घ्यावा लागणारा सुधारित भाग पुढे मूळ संचातच येतो, असे या क्षेत्रात वारंवार घडले आहे.

भागांवरील भार : सुधारणेचा विचार करताना प्रथम घूर्णकावरील केंद्रोत्सारी प्रेरणा लक्षात घ्यावी लागते. सु. ३२५ मिमी. लांबीचे व ३५ ग्रॅ. वजनाचे एक पाते मिनिटाला २,७०० फेरे या वेगाने फिरत असेल आणि त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून १९० मिमी. अंतरावर असेल, तर ते सु. ५३० न्यूटन, म्हणजे सु. ५४ किग्रॅ. वजनाइतक्या प्रेरणेने बाहेर खेचले जाते. त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला १०० मी.पेक्षा अधिक असतो. सु. ६९० मिमी. लांबीच्या व १७० ग्रॅ. वजनाच्या पात्यावर मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या वेगाला ही प्रेरणा सु. ३०० किग्रॅ. वजनाइतकी होते. शिवाय ही प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्यांचा वेग २० टक्क्यांनी वाढविला, तर ती ४४ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे अधिक शक्तीचे चलित्र बसविणाऱ्याने शीर्षाचे सर्व भाग त्या वाढीव वेगाला पुरे पडतात की नाही, हे आधी पाहणे आवश्यक असते.

ही सर्व ओढ पाते, पात्याचा खिळा, पातेधारक, अक्षीय भार पेलणारा धारवा, आडव्या दंडाच्या टोकाचा स्क्रू आणि आडवा दंड या साखळीतून जाते. साखळीतील एकही दुवा तुटला, तर पाते सुटून गोळीसारखे फेकले जाते आणि उरलेल्या असंतुलनाने यंत्राचे तुकडे होतात. २०१३ मध्ये न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन भागात एका मोठ्या प्रतिकृतीच्या आघाताने तिच्या चालकाचा मृत्यू झाला. भाग सदोष असो वा हाताळणी चुको, पात्यांतील ऊर्जा तीच असते. म्हणून या साखळीत काटकसर करणे धोक्याचे ठरते.

द्रव्ये : काचतंतूंनी प्रबलित केलेले नायलॉन हे मूळ भागांचे नेहमीचे द्रव्य आहे. ते हलके व लवचिक असते; परंतु आर्द्रता शोषून मऊ होते आणि सततच्या घर्षणाने त्यातील छिद्रे सैल होतात. ॲल्युमिनियमाची ताठरता त्याच्या अनेक पट असते. सुधारित भागांसाठी ६०६१-टी६ व ७०७५-टी६ या मिश्रधातूंचा उल्लेख नेहमी आढळतो. पहिल्याची नमनबिंदूपाशी असणारी प्रतिबल-मर्यादा दर चौ. मिमी.ला सु. २७५ न्यूटन, तर दुसऱ्याची सु. ५०० न्यूटन असते. त्यांची स्थितिस्थापकता मात्र जवळजवळ सारखीच असते. म्हणजे महागड्या मिश्रधातूचा भाग वाकून राहण्यास अधिक विरोध करील. पण त्याची ताठरता स्वस्त मिश्रधातूच्या भागाइतकीच राहील.

धनाग्रीकरणाने भागांवर निळा, लाल वा जांभळा रंग चढविता येतो. या थराने पृष्ठभागाचे रक्षण होते. परंतु त्याखालील मिश्रधातू कोणता आहे, हे त्यावरून कळत नाही. अखंड ठोकळ्यातून संगणक-नियंत्रित यंत्रावर कातलेला भाग आणि साच्यात ओतून रंगविलेला भाग हे वरवर पाहता सारखेच दिसू शकतात. ओतीव भागात सूक्ष्म पोकळ्या राहण्याचा संभव असतो व तेथून तडे सुरू होतात. शिवाय पोलादाप्रमाणे ॲल्युमिनियमाला शिणवट्याची निश्चित सुरक्षित मर्यादा नसते. सेकंदाला ४० ते ५० वेळा बदलणारे प्रतिबल सोसणारा भाग कालांतराने बदलावाच लागतो. आतील तीक्ष्ण कोपरे व यंत्रणाचे खोल ओरखडे हे आयुर्मान कमी करतात. गोलाई दिलेले कोपरे ते वाढवितात.

स्क्रूंची स्थिती अधिक फसवी असते. १२.९ या वर्गाच्या स्क्रूचे ताणबल दर चौ. मिमी.ला सु. १,२०० न्यूटन, तर ४.८ वर्गाच्या स्क्रूचे सु. ४०० न्यूटन असते. दोन-अडीच मिमी. व्यासाच्या स्क्रूवर सामान्यतः वर्गाचा शिक्का नसतो आणि काळा लेप दिल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून आडव्या दंडाचे व पात्यांचे स्क्रू विश्वासार्ह उत्पादकाचेच घ्यावे लागतात.

अचूकता : धातूचा भाग सैल असेल, तर त्यापेक्षा घट्ट बसणारा नायलॉनाचा भाग चांगला. पात्याचा कोन बदलणारी तरफ १५ मिमी. लांबीची असताना तिच्या सांध्यात ०.१ मिमी. ढिलाई असली, तर पात्याच्या कोनात सु. ०.४ अंशाची अनिश्चितता येते. अधांतरी स्थिर राहताना पात्याचा कोन जेमतेम काही अंशांचा असल्याने ही चूक जाणवण्याजोगी असते. सर्व्हो चलित्रापासून कलत्या तबकडीमार्गे पात्यापर्यंत असे अनेक सांधे असतात व त्यांची ढिलाई साठत जाते.

वस्तुमानाचे संतुलनही तितकेच महत्त्वाचे आहे. वरील ३२५ मिमी.च्या उदाहरणात एका बाजूला ०.१ ग्रॅ. अधिक भार असेल, तर सु. १.५ न्यूटन प्रेरणा सेकंदाला ४५ वेळा दिशा बदलून दंडाला हादरे देते. २०१० च्या सुमारास यांत्रिक स्थिरकारी दांडीची जागा इलेक्ट्रॉनीय स्थिरीकरणाने घेतली. त्यानंतर या हादऱ्यांना आणखी महत्त्व आले. कारण त्यांमुळे संवेदकांचे मापन बिघडते. धारव्यांच्या वेष्टनावर छापलेला अचूकतेचा वर्ग मापांविषयी सांगतो. पोलादाचा दर्जा वा वंगणाची योग्यता त्यावरून समजत नाही.

लाभ व हानी : कलती तबकडी, घूर्णकाचा मध्यखंड, पातेधारक आणि शेपटीच्या घूर्णकाचे नियंत्रण या ठिकाणी चांगल्या धातूच्या भागांचा लाभ स्पष्ट दिसतो. नियंत्रण अचूक होते व ते दीर्घकाळ तसेच राहते. याउलट उतरण्याची चौकट, सांगाड्याचे आधार व मुख्य दंतचक्र हे भाग स्वस्त आणि मोडण्याजोगे असण्यात शहाणपण असते. आदळण्याच्या वेळी नायलॉनाचा भाग तुटून आघाताची ऊर्जा शोषतो व विद्युत् मंडलातील वितळतारेप्रमाणे इतरांना वाचवितो. त्याच्या जागी धातूचा भाग बसविला, की तोच आघात पुढे सरकतो आणि दंड, चलित्र किंवा सर्व्होची दंतचक्रे निकामी होतात. अशा वेळी भाग मोडला नाही, याचा अर्थ दुरुस्तीचा खर्च वाचला असा होत नाही.

वजनाचा परिणाम लहान प्रतिकृतींत तीव्र असतो. ३० ग्रॅ. वजनाच्या प्रतिकृतीत धातूच्या भागांमुळे २ ग्रॅ. भर पडली, तर वजन सु. ७ टक्के वाढते. अधांतरी राहण्यास लागणारी शक्ती मात्र सु. १० टक्के वाढते आणि उड्डाणाचा वेळ घटतो. कार्बन तंतूंचा सांगाडा ताठर व हलका असला, तरी तो विद्युत् संवाहक असल्याने रेडिओ तरंगांना अडवितो. त्यामुळे ग्राहीची आकाशक तार त्याच्या बाहेर ठेवावी लागते.

परीक्षण : सामान्य खरेदीदाराला मिश्रधातूचे रासायनिक विश्लेषण करता येत नाही, परंतु काही परीक्षा साध्या साधनांनी होतात. दंड काचेवर लोटून त्याचा सरळपणा पाहता येतो. दोन पातेधारक सूक्ष्म तराजूवर तोलावेत व छिद्रांची मापे व्हर्नियर मापकाने पडताळावीत. धारवा छिद्रात बोटाच्या दाबाने बसावा, परंतु हलू नये. अक्षीय धारव्याच्या दोन कड्यांच्या छिद्रांत किंचित फरक असतो. मोठ्या छिद्राचे कडे मध्यखंडाकडे ठेवावे लागते. ही कडी उलट बसविली, तर उत्तम भागही लवकर निकामी होतो. काही स्वस्त पातेधारकांत हा धारवाच नसतो आणि संपूर्ण ओढ त्यासाठी न बनविलेल्या साध्या धारव्यांवर पडते. असे धारक टाळणेच योग्य. धातूत बसणाऱ्या स्क्रूंवर आटे पकडून ठेवणारा चिकट द्राव लावणे आवश्यक असते.

नवे भाग बसविल्यावर पहिली चाचणी माणसांपासून दूर घ्यावी. वेग टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि पात्यांच्या प्रतलात कोणीही उभे राहू नये. एका वेळी एकच भाग बदलल्यास त्याचा परिणाम निश्चित कळतो. दोन-तीन उड्डाणांनंतर स्क्रू, सांधे व धारवे पुन्हा तपासले असता दोष बहुधा उड्डाणापूर्वीच, हातात असतानाच, ध्यानात येतो. [→ हेलिकॉप्टर].