निसटलेला कॅमेरा

डिजिटल कॅमेरा हातातून निसटला, तर त्याची मोडतोड पडण्याने होत नाही, थांबण्याने होते. सव्वा मीटरवरून सुटलेली वस्तू अर्ध्या सेकंदात जमिनीवर पोचते. तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर असतो. फरशीवर ती १ मिलिमीटरात थांबली, तर तिच्यावरचे सरासरी बल तिच्या वजनाच्या साडेबाराशे पट भरते. जाड सतरंजीवर थांबायला १ सेंटिमीटर मिळाला, की तेच सव्वाशे पटीवर येते. हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. (प्रयोगाला मात्र खडू घ्यावा, कॅमेऱ्याहून तो स्वस्त पडतो!)

आपटल्यावर भिंगाची नळी अडकली, तर ती बोटाने ढकलू नये. आतली दातेरी चाके बारीक असतात. आधी कॅमेरा बंद करून बॅटरी काढावी, मग मेमरी कार्ड. चेपलेली किंवा फुगलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, ती पेट घेऊ शकते.

निकामी कॅमेरा मुलांना उघडून पाहू द्यावा, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. पण फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्याच्या बाबतीत हा मोह आपण आवरलाच पाहिजे. फ्लॅशच्या धारित्रात सुमारे ३०० व्होल्टचे विभवांतर असते, आणि बॅटरी काढल्यावरही ते बराच काळ टिकून राहते.