‘लागते’ आणि ‘पाहिजे’ : आवश्यकतेच्या दोन रचना

अन्यभाषकांना मराठी शिकविताना ‘जावे लागते’ आणि ‘गेले पाहिजे’ ह्या रचना परस्परांच्या जागी चालतात असे सहज सांगून टाकले जाते. ते ग्राह्य धरता येत नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतील एक साधा व्यवहार उदाहरणादाखल घेऊ. १९२०च्या दशकात बांधलेल्या ह्या चाळींत खोली १६० चौरस फुटांची आणि शौचकूप सामाईक. अर्थात रांग आलीच.

(१) तिला रांगेत उभे राहावे लागते.
(२) तिने रांगेत उभे राहिले पाहिजे.

पहिल्या वाक्यातील ‘तिला’ हे रूप ‘तिला तहान लागते’ ह्यातील रूपाहून निराळे नाही. ती येथे कर्ती नव्हे. परिस्थितीचा भार जिच्यावर येऊन पडतो अशी व्यक्ती. दुसऱ्यात ‘तिने’ आहे. आता ती कर्ती ठरली, आणि नियम पाळण्याचे दायित्व तिच्याकडे आले. (‘पाहिजे’ हे मुळात ‘पाहणे’ ह्या धातूचे जुने कर्मणी रूप, आज ते कोणालाही तसे जाणवत नाही.)

हा भेद नकारात अधिक उघड होतो. ‘उभे राहावे लागत नाही’ म्हणजे केवळ गरज उरली नाही. ‘उभे राहता कामा नये’ हा मात्र निषेध. ‘उभे राहायला नको’ हे संदर्भाप्रमाणे दोन्हीकडे झुकते.

चिनी भाषेतही हीच फूट पडते, पण निराळ्या मार्गाने. तेथे विभक्ती नाही. ‘मी’ ह्या अर्थाचा ‘वो’ सर्वत्र ‘वो’च राहतो. भेद दाखवायचा तो सहायक शब्दाने. ‘बीश्यू’ आणि बोलीतील ‘देई’ सक्ती दर्शवितात, ‘यिंगगाई’ औचित्य. ‘देई’चा नकार ‘बू’ जोडून होत नाही. ‘गरज नाही’ म्हणावयाचे तर ‘बूयोंग’ म्हणतात. निषेधाला शब्द वेगळेच. ‘बू-दे-बू’ ह्या दुहेरी नकाराचे तर आपल्या ‘केल्यावाचून गत्यंतर नाही’ ह्याच्याशी विलक्षण साम्य आहे.

परंतु खरी कसोटी भूतकाळाची. ‘आम्हाला खोली सोडावी लागली’ ह्यात खोली सुटली हे गृहीत आहे. ‘आम्ही खोली सोडायला हवी होती’ ह्यातून, विशेष संदर्भ नसल्यास, ती सोडली नाही असेच कळते. शिवाय खंत किंवा ठपका सूचित होतो. चिनीत पहिल्यासाठी ‘बू-दे-बू’ जवळचे, दुसऱ्यासाठी ‘यिंगगाई’.

म्हाडामार्फत चाललेल्या पुनर्विकासात वरळीतील अनेक कुटुंबांनी जुन्या खोल्या रिकाम्या केल्या. नव्या घरांच्या पहिल्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. अशा रहिवाशांची निवेदने आपले विद्यार्थी टिपून घेतील तेव्हा ‘सोडायला लागली’ हे बोलीतील रूप प्रमाण करण्याच्या भरात ‘सोडायला हवी होती’ असे उतरले, तर गेलेला माणूस न गेलेला ठरतो आणि त्याच्यावर झालेली सक्ती त्याचीच चूक म्हणून नोंदली जाते. तेथे ‘सोडावी लागली’ हेच रूप योजिले पाहिजे.