विश्लेषण : वेताची तलवार, घरचे चिलखत… हजारो लोक दोन आठवडे मध्ययुगात का राहायला जातात?

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका खासगी कॅम्पग्राउंडवर दरवर्षी जुलैच्या अखेरीस तंबूंचे शहर उभे राहते. दोन आठवड्यांत तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे येतात. त्यात संगणक अभियंते, परिचारिका, शिक्षक, सुतार असे सगळे असतात. अंगावर स्वतः शिवलेले अंगरखे किंवा स्वतः ठोकलेले चिलखत, आणि नाव, चिन्ह, पद सगळे मध्ययुगातले. हा चित्रपटाचा सेट नाही आणि तिकीट काढून बघायचा खेळही नाही. येथे येणारा प्रत्येक जण खेळाचा भाग असतो. साठ वर्षांपूर्वी एका घराच्या परसात सुरू झालेल्या या छंदाने जुने चिलखत आणि जुने कपडे यांच्याविषयीच्या समजुती तपासायला हातभार लावला आणि काही अवघड प्रश्नही उभे केले.

सुरुवात कशी झाली?

१ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे डायना पॅक्सन यांच्या घराच्या परसात मध्ययुगीन थाटाची एक मेजवानी झाली. पुढे कादंबरीकार म्हणून नाव मिळवणाऱ्या पॅक्सन तेव्हा मध्ययुगीन साहित्याच्या विद्यार्थिनी होत्या. लुटुपुटूच्या लढती झाल्या, आणि विसाव्या शतकाचा निषेध म्हणून पाहुण्यांनी रस्त्यावरून मिरवणूकही काढली. नंतरच्या कार्यक्रमासाठी सार्वजनिक उद्यान आरक्षित करताना अर्जावर संस्थेचे नाव लिहिणे भाग होते. लेखिका मॅरियन झिमर ब्रॅडली यांनी ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रोनिझम’ हे नाव सुचवले. काळाची सरमिसळ करण्यातली मजा त्या नावातच कबूल केलेली आहे. १९६८ मध्ये तिची ना-नफा संस्था म्हणून नोंदणी झाली.

आज ‘एससीए’ या नावाने ओळखली जाणारी ही संस्था जगाचा नकाशा २० ‘राज्यां’त वाटते. युरोप ‘ड्राखनवाल्ड’मध्ये येतो, तर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ‘लोचॅक’मध्ये. सदस्याने सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या काळात शोभेल असे नाव आणि ढालीवरचे चिन्ह निवडायचे असते. संस्थेचे स्वयंसेवक ते तपासून नोंदवतात. राजा मतदानाने ठरत नाही. तो द्वंद्वांच्या स्पर्धेत जिंकतो आणि साधारण सहा महिने गादीवर बसतो. लढवय्यांसाठी नाइटपद, उत्तम कारागीर व अभ्यासकांसाठी ‘लॉरेल’ आणि सेवेसाठी ‘पेलिकन’ असे मान आहेत. म्हणजे पंगतीची भांडी वर्षानुवर्षे निमूट घासणाऱ्यालाही इथे मोठा सन्मान मिळू शकतो.

‘पेन्सिक वॉर’ काय आहे?

पेनसिल्व्हेनिया आणि रोम-कार्थेजमधील ‘प्युनिक’ युद्धे यांची सांगड घालून हे नाव बनले. पहिले ‘पेन्सिक’ १९७२ मध्ये झाले. त्यामागची कथा गमतीदार आहे. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीडमन (नोबेल विजेते मिल्टन फ्रीडमन यांचे पुत्र) ‘मिडल’ राज्याचे राजे असताना त्यांनी ‘ईस्ट’ राज्याला युद्धाचे आव्हान दिले. मग ते पूर्वेकडे राहायला गेले, तिथेही राजे झाले आणि स्वतःच दिलेल्या आव्हानाला त्यांना तोंड द्यावे लागले. हरणाऱ्याने पिट्सबर्ग शहर ठेवून घ्यायचे, हा तेव्हापासूनचा विनोद आहे.

स्लिपरी रॉक गावाजवळच्या कूपर्स लेक या जागेवर १९७०च्या दशकापासून हा मेळा भरतो. पहिल्याच दिवसांत जागावाटप होते. गटागटांना, म्हणजे ‘हाउसहोल्ड’ना, पट्टे मिळतात आणि त्यावर दोर, खुंट्या, मंडप व चुली उभ्या राहतात. काहींचे तंबू नॉर्वेतील ओसेबर्ग जहाजाच्या उत्खननात मिळालेल्या लाकडी चौकटींवर बेतलेले असतात. काही जण मात्र साधा नायलॉनचा तंबू ठोकून वर कापड टाकतात. बाजारपेठ भरते, धातूकाम ते विणकाम अशा विषयांचे शेकडो वर्ग भरतात आणि ते शिकवणारेही स्वयंसेवकच असतात. काटेकोर स्वयंपाक्याच्या हंड्यात टोमॅटो, बटाटा, मिरची पडत नाही, कारण हे सारे अमेरिका खंडातून आले आणि कोलंबसपूर्व युरोपच्या पंगतीत ते नव्हते. आपल्याकडची मिरचीही त्यानंतरच पोर्तुगीजांबरोबर आली. करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये मेळा झाला नाही, २०२२ मध्ये तो पुन्हा भरला.

लढाई खरी की ठरवलेली?

पोलंडमध्ये दर जुलैला १४१० च्या ग्रुनवाल्ड लढाईचे पुनर्दर्शन होते. तिथे कोण हरणार हे इतिहासानेच ठरवलेले असते. एससीएच्या रणांगणात मात्र निकाल आधी ठरलेला नसतो. शस्त्र पोलादी नसते. तलवार, परशू, भाला सारे वेताचे. वेत निवडण्यामागे साधे कारण आहे. लाकडी दांडा तुटला की त्याच्या टोकदार फाका होतात, वेताचे मात्र तंतू सुटून तो पिंजला जातो. त्यामुळे डोळ्यात किंवा गळ्यात कपच घुसण्याचा धोका कमी होतो. पण मार खरा असतो, म्हणून शिरस्त्राण किमान १६ गेजच्या, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर जाडीच्या पोलादाचे लागते. मान, कोपरे, गुडघे, हात, मूत्रपिंडाची जागा आणि जांघ यांना संरक्षण सक्तीचे असते. उतरण्याआधी ‘मार्शल’ प्रत्येकाचे चिलखत तपासतो, आणि नवख्याला लढण्याचा परवाना मिळवावा लागतो.

सगळ्यात वेगळा नियम म्हणजे निर्णय पंच देत नाही. ज्याला घाव बसला तोच तो घाव मोजतो. सगळ्यांच्या अंगात साखळी चिलखत आहे असे धरायचे आणि ते भेदण्याइतका घाव जोरदार होता का, हे प्रामाणिकपणे सांगायचे. हातावर बसला तर तो हात गेला, पायावर बसला तर गुडघ्यावर लढायचे, डोक्यावर किंवा धडावर बसला तर मरून बाजूला व्हायचे. घाव खाऊनही न पडणाऱ्याचे नाव लवकर खराब होते. हजार-दोन हजारांची झुंबड या एका विश्वासावर चालते.

चिलखत घरी कसे बनवतात?

सुरुवातीच्या वर्षांत शीतकरण वायूच्या रिकाम्या टाक्या कापून शिरस्त्राणे केली जात. प्लास्टिकच्या निळ्या पिंपाचे तुकडे कापून कापडाखाली घालण्याची युक्ती अजूनही चालते. पण ज्याला हा नाद लागतो तो पत्र्याकडे वळतो. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून अंगावर बसवून पाहतात. मग तोच आकार सौम्य पोलादाच्या पत्र्यावर उतरवतात. लाकडाच्या ओंडक्यात कोरलेल्या खळग्यावर पत्रा ठेवून आतून हातोडीने ठोकत गेले की वाटीसारखा खोलगटपणा येतो. ऐरणीवर बाहेरून ठोकून तो आणखी वर उचलतात. शेवटी गुळगुळीत हातोडीने ठोक्यांच्या खुणा मिटवतात. कोपर व गुडघ्याच्या पट्ट्या रिबिटांनी अशा जोडतात की त्या एकमेकींवरून सरकाव्यात. भोक दोन मिलिमीटर चुकले तरी गुडघा वाकत नाही.

साखळी चिलखताचे काम वेगळे, चिकाटीचे. तार सळईभोवती गुंडाळायची, कापून कड्या करायच्या आणि प्रत्येक कडी चार कड्यांत अडकवायची. एका सदऱ्याला वीस-तीस हजार कड्या लागू शकतात. वजन दहा किलोच्या आसपास जाते. खरा मध्ययुगीन कारागीर कडीची टोके चपटी करून त्यांत बारीक रिबिट बसवत असे. हौशी माणूस बहुधा टोके नुसती जुळवतो. खाली ताग-कापडाचे थर भरून शिवलेले जाड अस्तर लागतेच, कारण कडी कापू देत नाही, पण धक्का अडवत नाही.

नमुने कुठून येतात? पुष्कळ जण स्वीडनच्या गॉटलंड बेटावरील विस्बीकडे बोट दाखवतात. १३६१ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सैन्याने तिथल्या शेतकरी फौजेची कत्तल केली. उन्हाळ्यात हजाराहून अधिक प्रेते घाईने सामूहिक कबरींत टाकली गेली, आणि अनेकांच्या अंगावरची चिलखते तशीच राहिली. विसाव्या शतकातील उत्खननात ती सापडली. कापडाच्या आत लोखंडी पट्ट्या बसवलेल्या त्या बंडीची आज जगभरच्या गॅरेजांत नक्कल होते.

आणि पोशाख?

कपड्यांचा प्रश्न अधिक कठीण, कारण कापड कुजते. १९२१ मध्ये ग्रीनलंडमधील हेरयोल्फ्सनेस येथे डॅनिश संशोधक पोल नॉर्लुंड यांना दफनभूमीत मध्ययुगीन लोकरी कपडे सापडले. गोठलेल्या जमिनीने ते टिकवले होते. झिजलेल्या कपड्यांतच मृतांना गुंडाळलेले असल्याने ते राजाचे नाही, तर रोजच्या वापरातले निघाले. त्यातून कापणीचे रहस्य उलगडले. कापड महाग म्हणून सरळ चौकोन आणि त्रिकोण कापायचे, घेर हवा तिथे कळ्या जोडायच्या, काखेत चौकोनी तुकडा बसवायचा. ही कापणी मराठी शिंप्याला लगेच ओळखता येईल. कळीदार अंगरखा आणि सदऱ्याच्या काखेतला चौबगला याच हिशेबाने बेतलेला असतो.

अनेक जण आतली शिवण यंत्रावर मारतात आणि दिसणारी हाताने घालतात. रंगासाठी मंजिष्ठेच्या युरोपीय भावंडाचा लाल आणि ‘वोड’ या झाडाचा निळा वापरतात. वोडमधला रंगद्रव्याचा अंश आपल्या निळीतला तोच असतो.

याचा इतिहासाला काही उपयोग होतो का?

होतो, आणि तो मोजलाही गेला आहे. चिलखतातला सरदार इतका जड की त्याला घोड्यावर चढवायला यारी लागे, ही समजूत १९४४ च्या ‘हेन्री द फिफ्थ’ चित्रपटातील दृश्यानेही पसरवली. नीट बेतलेले चिलखत घालून माणूस धावतो, पडतो, उठतो हे हौशी मंडळी रोज दाखवतात. पण ते फुकटात होत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लीड्स विद्यापीठाच्या संशोधनात, रॉयल आर्मरीज संग्रहालयात लढती सादर करणाऱ्यांना चिलखत घालून ट्रेडमिलवर चालवले. चालताना ऊर्जेचा खर्च दुपटीहून अधिक भरला. तेवढेच वजन पाठीवर असते तर इतका खर्च झाला नसता. वजन पायांवरही विभागलेले असल्याने प्रत्येक पावलाला ते उचलावे लागते, शिवाय छातीवरच्या पत्र्यामुळे खोल श्वास घेता येत नाही. १४१५ मध्ये अजिनकूरच्या चिखलातून चालत गेलेले फ्रेंच सरदार लढण्याआधीच का दमले असतील, याचे एक उत्तर यात मिळते.

मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. वेताच्या तलवारीला धार नसते आणि मृत्यूची भीतीही नसते. त्यामुळे या लढतींतून तंत्राचा अंदाज येतो, युद्धाचा नाही.

मग वाद कशाचा?

पहिला वाद काटेकोरपणाचा. एका गटाला यंत्राची शिवण आणि प्लास्टिकचे चिलखत खटकते. दुसरा गट म्हणतो, एवढी अट घातली तर पगारदार माणूस येणारच नाही. नियम मधला आहे. त्या काळातला पोशाख करण्याचा प्रामाणिक प्रयत्न पुरेसा मानला जातो, आणि नव्याला उसना पोशाख व चिलखत मिळते.

दुसरा वाद गंभीर आहे. मध्ययुगीन युरोप म्हणजे केवळ गोऱ्यांचा, अशी कल्पना उजव्या अतिरेकी गटांना सोयीची वाटते. २०१८ च्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियातील ‘केड’ राज्याच्या राजा-राणीच्या पोशाखाच्या काठावर स्वस्तिके आढळली आणि गदारोळानंतर त्यांना पायउतार व्हावे लागले. ते काठ जुन्या नमुन्यावरून घेतल्याचा बचाव झाला. आपल्या दारावरचे शुभचिन्ह तिथे नरसंहाराची आठवण होते. चिन्ह त्या काळी खरे होते एवढे सांगून ते आज अंगावर घालण्याची जबाबदारी संपते का, हा प्रश्न त्यातून उरला. अनेक सदस्य आता मुघल, जपानी, आफ्रिकी व्यक्तिरेखाही घेतात. खरे मध्ययुग व्यापाराने जोडलेले होते, असा त्यांचा मुद्दा आहे.

भारताचा संबंध कुठे येतो?

बाजारात. पाश्चात्त्य हौशी मंडळी विकत घेतात त्या तयार शिरस्त्राणांचा आणि कड्यांच्या सदऱ्यांचा मोठा हिस्सा भारतात बनतो. देहरादूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही कंपनी तलवारी व चिलखतांसाठी त्या वर्तुळात परिचित आहे. म्हणजे युरोपच्या मध्ययुगाचा पोशाख पुष्कळदा उत्तर भारतातल्या कारागिराच्या हातून जातो.

महाराष्ट्रात शिवजयंतीची वेशभूषा, रायगडावरचा राज्याभिषेक सोहळा आणि कोल्हापूरचे मर्दानी खेळ ही परंपरा जिवंत आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचे चिलखत आहे, पुण्याच्या केळकर संग्रहालयातही जुनी शस्त्रे पाहता येतात. फरक आहे तो हेतूचा. आपल्याकडे पोशाख बहुधा अभिवादनासाठी चढवला जातो, तर तिथे तो कसा बनला असेल हे बनवून पाहण्यासाठी. जुन्या चिलखताची कडी कशी जोडली, बाराबंदीची कळी कशी कापली, हे हाताने करून पाहणारे मोजकेच आहेत. त्यासाठी लागणारा लोहार आणि शिंपी मात्र अजून आपल्या गावात आहे.